धंदा बदलताय? मग आधी ही वही भरा : सारा स्टोरीच्या दोन खेळांचा धडा



मागच्या आठवड्यात एका ताईंचा मेसेज आला. थोडक्यात सांगतो. "सर, अकरा वर्षं ब्लाउज शिवतेय. आता मान धरते, डोळ्यांवर ताण येतो. डॉक्टर म्हणतात, मशीनवर बसणं कमी करा. कापडाचं छोटं दुकान टाकावं म्हणते. पण घरचे म्हणतात, आता या वयात पुन्हा पहिलीत बसणार का? अकरा वर्षं पाण्यात गेली असं वाटतं."

मी लगेच उत्तर दिलं नाही. "घाबरू नका ताई, तुम्ही नक्की कराल" असं लिहायला दहा सेकंद लागतात आणि त्याने दुकान चालत नाही. पण "पाण्यात गेली" हे शब्द डोक्यात राहिले. कारण मला अशी एक बाई माहीत आहे, जिची बारा वर्षं खरोखरच पाण्यात गेली होती. जलतरण तलावाच्या पाण्यात. आणि त्यानंतर ती दुसऱ्याच खेळात गेली.

तिचं नाव सारा स्टोरी. आजचा धडा तिच्यावर.

एक गोष्ट आधीच सांगतो. सारा दिव्यांग खेळाडू आहे, पण "हात नसताना बघा किती जिद्द" अशी गोष्ट सांगायला मी बसलेलो नाही. तशा क्लिप तुम्ही रोज बघता आणि दुकान उघडेपर्यंत विसरता. आपल्याला तिचा निर्णय बघायचा आहे. म्हणजे एक काम सोडून दुसऱ्यात जाताना तिच्यासोबत काय आलं, मागे काय राहिलं आणि नव्याने काय शिकावं लागलं.

आधी तिचा हिशोब बघू

सारा इंग्लंडची. जन्म १९७७ चा, माहेरचं आडनाव बेली. आईच्या पोटात असताना नाळ हाताभोवती गुंडाळली गेली, त्यामुळे डाव्या हाताचा पंजा तयार झाला नाही. दहाव्या वर्षी ती पोहण्याच्या क्लबात गेली, तर तिला ऐकवलं गेलं की बाई, चांगलं पोहायचं असेल तर तू उशिरा आलीस. दहाव्या वर्षी उशीर! आणि चारच वर्षांनी, म्हणजे १४ व्या वर्षी ती ब्रिटनकडून पॅरालिम्पिकमध्ये पोहत होती.

तिचा पाण्यातला ताळेबंद असा:

१९९२ बार्सिलोना : २ सुवर्ण, ३ रौप्य, १ कांस्य
१९९६ अटलांटा : ३ सुवर्ण, १ रौप्य, १ कांस्य
२००० सिडनी : २ रौप्य
२००४ अथेन्स : २ रौप्य, १ कांस्य

एकूण १६ पदकं, त्यात ५ सुवर्ण. आता दुकानदाराच्या नजरेने हा ताळेबंद पुन्हा वाचा. पहिल्या दोन स्पर्धांत सुवर्ण आहे, नंतरच्या दोन स्पर्धांत एकही नाही. सिडनीच्या काळात तर तिला सतत थकवा आणणाऱ्या आजाराने गाठलं होतं. धंदा बंद पडलेला नाही, गिऱ्हाईक येतंय, पण पूर्वीचा गल्ला राहिलेला नाही. आपल्यातल्या किती जणांची दुकानं आज नेमकी याच जागी उभी आहेत, मनातल्या मनात उत्तर द्या.

कान दुखला आणि रस्ता सापडला

२००५ मध्ये साराच्या कानाला संसर्ग झाला. पाण्यात उतरणं बंद. पोहणाऱ्याला पाणी बंद म्हणजे दुकानदाराला शटर बंद. ही वेळ कशी असते, ते २०२० च्या मार्चनंतर आपल्या सगळ्यांनाच कळलंय.

तिने काय केलं? घरी बसून अंग सुटू नये म्हणून सायकल चालवायला घेतली. बस, एवढंच. "आता मी सायकलपटू होणार" अशी घोषणा नाही, जुनं सगळं सोडून उडी नाही. शरीर चालू राहावं म्हणून केलेली ती सोय होती. पण सायकलवर तिचा वेग लोकांच्या डोळ्यात भरला आणि त्याच वर्षी ती युरोपियन पॅरा स्पर्धेत सुवर्ण जिंकून आली.

सायकलवरचा पॅरालिम्पिक ताळेबंद असा:

२००८ बीजिंग : २ सुवर्ण
२०१२ लंडन : ४ सुवर्ण
२०१६ रिओ : ३ सुवर्ण
२०२० टोकियो (प्रत्यक्षात २०२१) : ३ सुवर्ण
२०२४ पॅरिस : २ सुवर्ण

पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंगची १४ पदकं आणि चौदाही सुवर्ण! दोन्ही खेळ मिळून १९ सुवर्ण, एकूण ३० पदकं. टोकियोत तिने माइक केनी या जलतरणपटूचा १६ सुवर्णांचा ब्रिटिश विक्रम मागे टाकला. पॅरिसच्या रोड रेसमध्ये तिच्या तोडीस तोड होती ती फ्रान्सची १९ वर्षांची हैदी गोगँ. सारा ४६ वर्षांची. शेवटच्या मीटरपर्यंत झुंज झाली आणि सारा जिंकली.

पण या आकड्यांमध्ये लपलेला एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पाण्यातलं शेवटचं सुवर्ण १९९६ चं, सायकलवरचं पहिलं २००८ चं. मध्ये किती वर्षं? बारा. व्हिडिओत हे तीन सेकंदात सांगून होतं. जगणाऱ्याला ते बारा वर्षं जगावं लागतं.

पाण्यातून सायकलवर नेमकं काय आलं?

आता मुद्द्याकडे येतो. वही-पेन घ्या.

सायकलच्या ट्रॅकवर 'परस्यूट' नावाची शर्यत असते. साराची ही शर्यत ३ किलोमीटरची असायची. २५० मीटरच्या ट्रॅकवर १२ फेऱ्या. दोन खेळाडू ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी निघतात आणि फायनलमध्ये एकाने दुसऱ्याला गाठलं की शर्यत तिथेच संपते. सारा ही शर्यत साधारण साडेतीन मिनिटांत संपवायची. म्हणजे साडेतीन मिनिटं दम टिकवून, सुरुवातीला उतावीळ न होता, प्रत्येक फेरी ठरलेल्या वेळेत मारायची.

आता पोहण्याकडे बघा. २०० मीटर मेडले किंवा ४०० मीटर फ्रीस्टाइल. तीही काही मिनिटांची शर्यत. तिथेही दम टिकवायचा, तिथेही वेग वाटून वापरायचा. म्हणजे माझ्या हिशोबाने सारा सायकलवर आली तेव्हा हे तिच्यासोबत आलं:

एक, बारा वर्षांत तयार झालेलं हृदय आणि फुप्फुस. दोन, काही मिनिटं पूर्ण ताकद कशी वाटून लावायची याचा अंदाज. तीन, पहाटे उठून कंटाळवाणा सराव करायची सवय. चार, मोठ्या स्पर्धेचा अनुभव. बीजिंग ही तिची पाचवी पॅरालिम्पिक होती, पहिली नव्हे. खेळ नवा होता, पण मैदानाची भीती जुनीच गेलेली होती.

आणि काय सोबत आलं नाही?

पाण्यात हातांचं काम मोठं, सायकलवर सगळी मदार पायांवर. पाण्यात प्रत्येकाची लेन आखलेली असते, शेजारचा तुमच्या वाटेत येत नाही. रोड रेसमध्ये सगळे घोळक्याने चालतात. कुणाच्या मागे लपून वारा चुकवायचा, कधी पुढे निसटायचं, ओल्या रस्त्यावर वळण कसं घ्यायचं, हे तलावात कोण शिकवणार? शिवाय पोहायला यंत्र लागत नाही, इथे सायकल हे अख्खं यंत्र आलं. हे सगळं नव्याने शिकावं लागणारच.

इथे तिला घरातलीच साथ मिळाली. नवरा बार्नी स्टोरी हा स्वतः पॅरालिम्पिक विजेता सायकलपटू. दोघांची टँडम सायकल असते ना, त्यावर मागे दृष्टिहीन खेळाडू आणि पुढे हँडल धरणारा पायलट. बार्नी पायलट होता. नव्या लाइनमध्ये उतरताना त्या लाइनमध्ये आधीच हात बसलेला माणूस जवळ असणं किती मोलाचं, हे वेगळं सांगायला नको.

आणि हे फक्त परदेशातच घडतं असं नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. नंतर पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. 'चंदू चॅम्पियन' सिनेमा त्यांच्यावरच आहे. रिंग सुटली, तरी रिंगने घडवलेला माणूस तलावात उतरला.

माझ्या माळ्यावरचे खोके

आता माझी चूक सांगतो, फुकट शिका.

बीबीए झाल्यावर मी कॉलेजसमोर झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान टाकलं. सहा वर्षं बरं चाललं. लॉकडाऊन लागला, कॉलेज मोबाइलवर गेलं आणि झेरॉक्स मशीनवर धूळ बसली. भाडं मात्र चालू. त्या काळात ओळखीच्या एका काकूंना कुरियरने मसाले पाठवायला छोटे खोके हवे होते. मी कागदाच्या रिमचा खोका कापून, चिकटपट्टी लावून दिला. दुसऱ्या आठवड्यात त्या अजून दोघींना घेऊन आल्या. मी एका रॅकवर पॅकिंगचं सामान ठेवलं: खोके, टेप, बबल रॅप, लेबल.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मला हुशारी सुचली. घाऊकवाल्याने सांगितलं, मोठा माल उचला, भाव पाडून देतो. मी पाच प्लायचे मोठे खोके बावीस हजारांचे उचलले. मला वाटलं, कागद म्हणजे आपलाच विषय. कागदाच्या धंद्यात सहा वर्षं काढलीत, आपल्याला कोण शिकवणार?

गिऱ्हाइकांना हवे होते तीन प्लायचे छोटे. का? कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचं आकारमानही धरतात. पाव किलो मसाला मोठ्या खोक्यात घातला की कुरियरचा खर्च मसाल्याच्या नफ्यावर बसतो. हे मला माहीतच नव्हतं. खोके माळ्यावर गेले, पावसाळ्यात ओल धरली आणि शेवटी रद्दीवाल्याला किलोवर दिले. बायको एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं. कारण त्यातले सात हजार तिच्या भिशीचे होते.

आता मागे वळून बघितलं की कळतं. माझ्यासोबत खरोखर काय आलं होतं? घाऊक बाजारातली ओळख, कागदाची पारख, उधारी कुणाला द्यायची याचा अंदाज आणि गिऱ्हाइकाशी बोलायची सवय. काय आलं नव्हतं? खोक्यांचे आकार, कुरियरचा हिशोब, माल साठवायची पद्धत. मी दुसरी यादी केलीच नाही. पहिल्या यादीच्या जोरावर दुसरीचे पैसे भरले.

म्हणून सांगतो, धंदा बदलताना दोन प्रकारची माणसं बुडतात. एक म्हणतो, "माझं सगळं शून्य झालं." तो सुरुवातच करत नाही. दुसरा म्हणतो, "मला सगळं येतं." तो माळा भरून ठेवतो. मी दुसरा होतो. मेसेज करणाऱ्या ताई पहिल्या प्रकारात निघाल्या आहेत.

जम बसल्यावरही नकार येतो

साराची गोष्ट अजून संपलेली नाही. २०१० मध्ये आपल्या दिल्लीत कॉमनवेल्थ स्पर्धा झाल्या, तिथे ती इंग्लंडकडून दिव्यांग नसलेल्या सायकलपटूंसोबत उतरली. मग लंडन ऑलिम्पिकच्या टीम परस्यूटसाठी ब्रिटनच्या गटात तिने जागा मिळवायचा प्रयत्न केला. तीन जणींचा संघ. डिसेंबर २०११ मध्ये कोलंबियात विश्वचषकाच्या फेरीत तिच्या संघाने सुवर्णही जिंकलं. आणि त्यानंतर तिला सांगण्यात आलं की तू गटात नाहीस.

जिंकूनही बाहेर! पुढच्या वर्षी लंडन पॅरालिम्पिकमध्ये ती चार शर्यतींत उतरली आणि चारही जिंकली. २०१५ मध्ये तिने एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या विश्वविक्रमाचा प्रयत्न केला. ४५.५०२ किलोमीटर झाले, विक्रम ४६.०६५ चा होता. ५६३ मीटरने हुकला. पण दर वेळी तिचं मुख्य दुकान, म्हणजे पॅरा सायकलिंग, चालूच होतं. मोठी ऑर्डर हातची गेली म्हणून रोजची भवानी थांबली नाही.

एक फरकही प्रामाणिकपणे सांगायला हवा. तिच्यामागे देशाचा संघ होता, प्रशिक्षक होते. आपल्यामागे बँकेचा हप्ता असतो. म्हणून तिची नक्कल करू नका, तिची पद्धत घ्या. ती पद्धत आता आपल्या भाषेत मांडतो.

वहीतली पाच कामं

१. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा 'सोबत येणार', उजवीकडे 'नव्याने शिकायचं'. दोन्हीकडे किमान सात-सात गोष्टी. "अनुभव", "मेहनत" असले मोघम शब्द चालणार नाहीत. "ऐंशी गिऱ्हाइकांचे नंबर", "हातात घेतल्यावर कापड ओळखता येतं" असं लिहा.

२. उजवीकडच्या प्रत्येक ओळीपुढे एक माणूस लिहा. हे मला कोण शिकवेल? नाव सुचत नसेल, तर त्या ओळीत पैसे घालायचे नाहीत. माझ्या खोक्यांच्या ओळीपुढे कुरियरवाल्याचं नाव असतं, तर बावीस हजार वाचले असते. तो रोज दुकानासमोरून जायचा हो!

३. आधी एक रॅक. साराने सायकल घेतली ती अंग सुटू नये म्हणून. तुम्हीही जुनं चालू ठेवून नव्याचं एक रॅक, एक टेबल, आठवड्यातला एक दिवस सुरू करा. तीन महिने.

४. बुडवायची रक्कम आधीच लिहा. "एवढे गेले तरी घरच्या किराण्याला, मुलांच्या फीला आणि हप्त्याला धक्का लागणार नाही," तो आकडा. तो घरच्यांना दाखवा आणि खाली दोघांच्या सह्या करा. हसू नका, मी आता करतो.

५. दर रविवारी दोनच प्रश्न. या आठवड्यात नव्या रॅकवर परत आलेलं गिऱ्हाईक किती? आणि उजवीकडच्या यादीतली कोणती ओळ खोडली? विक्री कमी असली तरी परतणारं गिऱ्हाईक वाढत असेल, तर गाडी बरोबर रस्त्याला आहे. तीन महिन्यांत दोन्ही उत्तरं शून्य आली, तर रॅक बंद करा. तुम्ही हरलात असं समजू नका, परीक्षेची फी भरली समजा.

ताईंना काय सांगितलं

शेवटी मी ताईंना फोन केला आणि फोनवरच यादी करायला लावली. डावीकडे आलं: कापडाची पारख, कोणत्या अंगाला किती कापड लागतं ते बघताक्षणी सांगता येणं, कोणता रंग धुतल्यावर जातो याची माहिती, अकरा वर्षांची मापं लिहिलेल्या वह्या, अस्तर-फॉलवाल्याशी ओळख. पाचव्या ओळीपर्यंत त्यांचा आवाज बदलला होता.

उजवीकडे आलं: ठोक खरेदी, शिल्लक मालाचं काय करायचं, काउंटरवर भाव कसा सांगायचा, उधारीला नाही कसं म्हणायचं. शेवटच्या ओळीवर दोघंही हसलो, कारण ती ओळ माझ्याही वहीत अजून खोडली गेलेली नाही.

ठरलं असं. दुकान आत्ताच नाही. घरातल्या पुढच्या खोलीत मॅचिंग ब्लाउज पीस आणि अस्तराचं एक रॅक. रक्कम पंधरा हजार, एक रुपया वर नाही. शिवणकाम निम्म्यावर आणायचं, जास्तीचं काम शेजारच्या शिकलेल्या मुलीला द्यायचं. जी बाई ब्लाउज शिवायला येते, तिला साडीवर जाणारं कापड तिथेच दाखवायचं. ते मॅचिंग काउंटरवरच्या पोऱ्यापेक्षा ताई चांगलं करतील, कारण त्यांनी ते कापड अकरा वर्षं कापलंय.

चालेल का? मला माहीत नाही. तीन महिन्यांनी त्यांची वही सांगेल. पण अकरा वर्षं पाण्यात गेली, हे वाक्य आता त्या म्हणत नाहीत. साराचीही गेली नव्हती. पाण्यात कमावलेला दम तिने सायकलवर वापरला.

आजचा गृहपाठ : रेघ मारा, दोन्ही याद्या करा आणि उजवीकडची सगळ्यात अवघड ओळ मला लिहून पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या तीन ओळी घेऊन, त्या कोणाकडून आणि किती खर्चात शिकता येतील, ते बघू.

भेटू रविवारी. शटर वेळेवर उघडा!